तगादा आणि कागद

मराठीत तगादा 'लागतो'. खोकला लागतो तसा. लावणारा लावून मोकळा होतो आणि ज्याला लागला त्याच्या अंगात तो मुरतो. क्रेडिट कार्ड थकलं की वसुलीचा फोन सायलेंटवर असला तरी कानात वाजत राहतो, मुलीच्या शाळेच्या गॅदरिंगला बसलं तरी हात खिशाकडं जात राहतो.

जुन्या काळी धनकोच्या हातात याहून कडक हत्यार होतं, धरणं. आज धरणं म्हटलं की कलेक्टर कचेरीसमोरचा मांडव आठवतो. पण पूर्वी देणेकऱ्याच्या दारात धनको स्वतः किंवा त्यानं धाडलेला माणूस उपाशी बसायचा आणि तो उठेपर्यंत आतल्यांच्या घशाखालीही घास उतरायचा नाही. सगळ्या आळीला दिसेल असं बसणं हाच त्यातला खरा मार. पुढं 12 मे 1875 ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली तेव्हा त्यांनी मुख्यतः शोधली ती कर्जखतं आणि रोखे, आणि ते जाळले. त्यातून 1879 मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. त्या कायद्यानं शेतकऱ्याला जे दिलं ते अगदी साधं होतं. भरलेल्या पैशाची पावती, वर्षाचा लेखी हिशोब आणि मागितलं तर पासबुक. पैशाच्या डिक्रीपायी, म्हणजे न्यायालयाच्या वसुलीच्या हुकमापायी, शेतकऱ्याला कैदेत टाकणंही त्यानं थांबवलं.

क्रेडिट कार्ड थकलेल्या माणसाला मी दीडशे वर्षांपूर्वीच्या त्याच धर्तीच्या तीनच गोष्टी मागायला सांगेन. हिशोब, पत्र, पावती. वसुलीवाल्याचं बळ तोंडी बोलण्यात असतं. तो जे फोनवर म्हणतो त्यातलं निम्मं तो कागदावर लिहून देऊ शकत नाही. देणं खरं आहे आणि ते फेडायचं आहे, याबद्दल माझ्या मनात काही शंका नाही. पण बँकेचं आपण देणं लागतो ते पैशांचं. अपमानाचं नाही.

आधी हिशोब कसा फुगतो ते एकदा डोळ्यांनी पाहून घ्या, कारण बहुतेकांची फसगत वसुलीवाला येण्याच्या कितीतरी आधी, स्टेटमेंटच्या पहिल्या पानावर होते. समजा 1 जूनला कार्डावर 60,000 रुपयांची खरेदी झाली. 15 जूनला स्टेटमेंट आलं, 5 जुलै ही भरण्याची शेवटची तारीख. वर ठळक अक्षरांत 60,000, खाली 'किमान देय' 3,000. तुम्ही 5 जुलैला इमानदारीनं 3,000 भरले. दंड लागला नाही, फोन आला नाही, सगळं सुरळीत वाटलं. पण पूर्ण रक्कम न भरल्यामुळं बिनव्याजी मुदत गेली आणि व्याज मागं जाऊन थेट 1 जूनपासून लागलं. दरमहा 3.75 टक्के म्हणजे वर्षाला 45 टक्के. साठ हजारांवर 34 दिवसांचे साधारण 2,515 रुपये, मग उरलेल्या सत्तावन्न हजारांवर 15 जुलैपर्यंत दहा दिवसांचे 703. झाले 3,218. त्यावर 18 टक्के जीएसटी, 579. नवं स्टेटमेंट 60,797 रुपयांचं. तीन हजार भरून देणं आठशेनं वाढलेलं आहे.

आता दुसऱ्या महिन्याचं किमान देय बघा. बऱ्याच बँका त्यात सगळं व्याज, सगळा कर आणि वर मुद्दलाचे काही टक्के धरतात. पाच टक्के धरले तर 3,797 आणि 2,850 मिळून 6,647. गेल्या महिन्यात तीन हजार भरताना ज्याच्या नाकी नऊ आले, त्याच्यापुढं आता साडेसहा हजार उभे राहतात. थकबाकीची सुरुवात बहुतेक वेळा या दुसऱ्या स्टेटमेंटला होते. शिवाय मधल्या काळात किराण्यासाठी तेच कार्ड घासलं, तर त्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. दुकानातून बाहेर पडायच्या आत व्याज सुरू झालेलं असतं. म्हणून ज्या दिवशी पूर्ण रक्कम भरता येणार नाही हे कळलं, त्याच दिवशी कार्ड पाकिटातून काढून कपाटात ठेवावं आणि त्यावर लावलेली आपोआप जाणारी बिलं बंद करावीत.

एवढं व्याज बेकायदा नाही का, असं लोक कळवळून विचारतात. दामदुप्पट, म्हणजे व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येणार नाही हा आपल्याकडचा जुना नियम, बँकेच्या कार्डाला लागू होत नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं 2008 साली वर्षाला 30 टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती, पण 20 डिसेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. तेव्हा त्या आशेवर थांबू नका. मात्र रिझर्व्ह बँकेच्या कार्ड निर्देशांतल्या काही गोष्टी तुमच्या बाजूच्या आहेत. न भरलेल्या दंडावर, शुल्कावर आणि करावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. उशिराचा दंड देय तारखेनंतर जेवढी रक्कम राहिली तेवढ्यावरच लागतो, आणि तोही तीन दिवसांहून जास्त उशीर झाला तरच. जुनी सहा-आठ स्टेटमेंट काढून पेन्सिल घेऊन बसलं तर अशी एखादी चुकीची नोंद सापडते, आणि तडजोडीच्या वेळी ती उपयोगी पडते.

या टप्प्यावर एक चूक फार होते, तिचं नाव 'कार्ड फिरवणं'. ओळखीच्या दुकानदाराकडं दुसरं कार्ड स्वाइप करायचं, त्यानं दोन-तीन टक्के कापून रोख द्यायची, ती पहिल्या कार्डात भरायची. महिनाभराची उसंत मिळते खरी. पण दर फेरीला ते दोन-तीन टक्के मुद्दलात मिसळतात आणि एका कार्डाच्या जागी चार कार्डं एकाच वेळी थकतात. फोनवरच्या ॲपचं झटपट कर्ज काढून कार्ड भरणं त्याहून वाईट. त्यापेक्षा कार्ड अजून थकलेलं नाही, सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, बरं आहे, तेव्हाच बँकेला पूर्ण थकबाकीचे हप्ते करून मागावेत, किंवा कमी दराचं वैयक्तिक कर्ज किंवा सोनेतारण घेऊन कार्ड एकदाच साफ करावं. घरातलं सोनं गहाण टाकायला मन धजत नाही, हे मला कळतं. पण 45 टक्क्यांपुढं सोनेतारणाचा दर कितीतरी कमी असतो आणि दागिना परत येतो.

कार्ड थकलंच, तर पलीकडं काय चालतं ते माहीत असावं. वसुलीच्या धंद्यात थकलेल्या दिवसांच्या 'बकेट' असतात. तीस दिवसांपर्यंतची पहिली, साठपर्यंतची दुसरी, नव्वदपर्यंतची तिसरी. किमान देय नव्वद दिवसांत पूर्ण आलं नाही की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक कर्ज, होतं. पहिल्या बकेटमध्ये बँकेचाच टेलिकॉलर गोड बोलतो, पुढं काम एजन्सीकडं जातं. एजन्सीला मिळतं ते वसूल झालेल्या पैशावरचं कमिशन. म्हणून महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर फोन वाढतात, आवाज चढतो, "आज पाच वाजेपर्यंत किती टाकताय?" हा प्रश्न दिवसातून सहा वेळा येतो. तुम्ही दबून "शुक्रवारी भरतो" म्हणालात की समोर 'पीटीपी', म्हणजे भरण्याचं वचन, अशी नोंद होते. शुक्रवार चुकला की "तुम्ही शब्द फिरवला" म्हणून पुढचा फोन अधिक कडक. त्यामुळं जी तारीख पाळता येणार नाही ती तोंडातून काढू नये, समोरचा कितीही रेटू दे.

मग करायचं काय? फोन बंद करून गावाला जाणं, नंबर बदलणं, ही पहिली ऊर्मी असते. ती आवरावी. नंबर आणि पत्ता बदलला तर बँकेची खरी पत्रंही पोचत नाहीत, आणि खऱ्या पत्राला मुदत असते. फोन एकदा घ्यावा, शांतपणे तीन वाक्यं बोलावीत. "तुमचं नाव आणि एजन्सीचं नाव सांगा. माझं खातं तुमच्याकडं दिल्याचं बँकेचं पत्र मला ईमेलवर पाठवा. माझं उत्तर बँकेला लेखी जाईल." एवढं झालं की ठेवून द्यावा. वाद घालू नये, रडू नये, आपली सगळी कहाणी सांगू नये. घरी कोण आजारी आहे, भावाचा पगार किती, मेहुणा कुठं कामाला आहे, हे बोलण्याच्या ओघात दिलेलं प्रत्येक माणसाचं नाव उद्याचा नवा नंबर होतो.

त्याच संध्याकाळी बँकेच्या तक्रार निवारणाच्या अधिकृत ईमेलवर पत्र लिहावं. त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, उत्पन्न का आणि कधीपासून घटलं ते दोन ओळींत, सोबत नोकरी गेल्याचं पत्र किंवा दवाखान्याची कागदपत्रं, आणि महिन्याला खरोखर किती देता येईल तो आकडा. हा आकडा घरभाडं, गृहकर्जाचा हप्ता, औषधं, मुलांची फी आणि किराणा वजा करून उरलेल्यातूनच काढावा. लाजेपोटी आठ हजार लिहून तिसऱ्या महिन्यात मोडण्यापेक्षा तीन हजार लिहून पाळलेले बरे. व्याज थांबवून हप्ते बांधून द्या, संपर्क फक्त ईमेलवर किंवा अमुक वेळेत करा, आणि आजपर्यंतचा मुद्दल, व्याज, दंड, कर असा वेगवेगळा हिशोब द्या, अशी मागणी करावी. पहिलं उत्तर बहुधा ठरावीक साच्यातलं येतं. पण तक्रार क्रमांक मिळतो, आणि पुढच्या प्रत्येक पत्रात तोच क्रमांक घालायचा असतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तुमची तक्रार बँकेकडं निकालाविना पडून असताना, ती निव्वळ वेळकाढू नसेल, तर ते खातं वसुली एजन्सीकडं पाठवता येत नाही. हे वाक्यही पत्रात असू द्यावं.

वसुलीवाल्यांचे नियम बहुतेकांना ऐकून माहीत असतात, पण नेमके नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अब्रू काढणं, नातेवाईक-मित्र-संदर्भ म्हणून दिलेल्या माणसांच्या खासगीपणात शिरणं, निनावी किंवा सतत फोन करणं, मोबाइलवर वा समाजमाध्यमांवर घाणेरडे संदेश पाठवणं, खोटी बतावणी करणं, हे सगळं निषिद्ध आहे. एजंटनं केलं तरी जबाबदारी बँकेची. एजंटला इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकिंग अँड फायनान्सचा वसुली प्रतिनिधीचा अभ्यासक्रम केलेला असावा लागतो. दारात येणाऱ्याकडं ओळखपत्र, बँकेनं दिलेलं अधिकारपत्र आणि नोटिशीची प्रत असावी लागते.

दाराचा प्रसंग जरा जवळून बघू, कारण भीती तिथंच सर्वांत जास्त असते. दुपारी तीनची वेळ, घरी सासूबाई आणि शाळेतून आलेलं पोर. बेल वाजते. दोघे उभे. साखळी लावूनच दार उघडावं. "काय काम आहे?" "बँकेतून आलोय, साहेब आहेत का?" त्यांना घरात घेण्याचं कुठलंही बंधन नाही. ओळखपत्र आणि अधिकारपत्र दाखवा म्हणावं, मोबाइलनं दोन्हींचा फोटो घ्यावा, आणि "ते घरी नाहीत, जे असेल ते लेखी द्या" एवढंच सांगावं. सासूबाईंकडून हे वाक्य आधीच पाठ करून घ्यावं. कर्ज किती, कशाचं, हे त्या दोघांनी शेजारच्या वहिनींना किंवा वॉचमनला सांगितलं, तर ते नियमाचं उल्लंघन आहे. आणि इथं सोसायटीची एक अगदी साधी वस्तू कामाला येते. गेटवरची वही. त्यात नाव, वेळ, फ्लॅट नंबर, कधी गाडीचा नंबरही असतो. त्या पानाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा, कॅमेऱ्याचं चित्रण पुसलं जायच्या आत सेक्रेटरींकडं लेखी मागावं. शेजाऱ्याची तोंडी साक्ष मिळवताना त्रास होतो. वहीच्या पानाला कुणाची भीड पडत नाही.

टीव्ही, फ्रिज, स्कूटर उचलून नेण्याचा अधिकार त्या दोघांना नाही. कार्डाचं कर्ज विनातारण असतं. जप्ती होते ती न्यायालयाच्या हुकमानं, आणि ती घेऊन येतो तो न्यायालयाचा बेलीफ, वॉरंटसह. एजंट आत घुसले, अंगावर आले, तर 112 ला फोन करावा आणि नंतर ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. घुसखोरी आणि धमकी हे भारतीय न्याय संहितेतले गुन्हे आहेत. ठाण्यात "तुम्ही पैसे बुडवलेत ना?" असं ऐकावं लागण्याची तयारी ठेवा. तिथंही उत्तर एकच. देणं दिवाणी आहे, त्याचा मार्ग न्यायालय आहे, माझा अर्ज धमकीबद्दल आहे.

'अटक होईल' ही धमकी सगळ्यात जास्त चालते, म्हणून तिची नीट फोड करतो. पैसे नाहीत म्हणून कार्ड भरता न येणं हा फौजदारी गुन्हा नाही. पण चेक दिला आणि तो वटला नाही तर परक्राम्य संलेख कायद्याचं कलम 138 लागतं. खात्यातून आपोआप वळती होणारी रक्कम परत गेली तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याचं कलम 25 लागू शकतं. दोन्हींत दोन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. म्हणूनच "फक्त सिक्युरिटीसाठी" म्हणून मागितलेला कोरा चेक एजंटला कधीही देऊ नये. साध्या दिवाणी थकबाकीला फौजदारीचं दार उघडून देणारी चावी आपण आपल्या हातानं देतो.

व्हॉट्सॲपवर अशोकस्तंभ, लाल शिक्का आणि 'अटक वॉरंट' असं लिहिलेली पीडीएफ येते. वॉरंट असं येत नाही. न्यायालयात खरोखर दावा असेल तर त्याला सोळा अक्षर-आकड्यांचा सीएनआर क्रमांक असतो आणि ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर तो दिसतो, नावानंही शोधता येतं. वकिलाची नोटीस म्हणजे दावा नव्हे, पण ती फाडून टाकू नये. पंधरा दिवस लिहिलेले असतील तर पंधरा दिवसांत थोडक्यात उत्तर द्यावं. लोकअदालतीची नोटीस आली तर घाबरण्यापेक्षा जावं. तिथं तुमच्या संमतीशिवाय काही ठरत नाही. ठरलं तर मात्र तो निवाडा डिक्रीसारखा असतो आणि त्यावर अपील नसतं, म्हणून सही करण्याआधी रक्कम, तारखा आणि हप्ता चुकला तर काय, हे वाचूनच करावी. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, 15100 हा त्यांचा क्रमांक. स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, आणि हे फार थोड्या जणींना माहीत असतं.

दोन कागद मात्र कधीही बाजूला टाकू नयेत. एक, लवादाची, म्हणजे न्यायालयाबाहेर निवाडा देणाऱ्या पंचाची, नोटीस. कार्डाच्या करारात लवादाचं कलम असतं आणि दूरच्या शहरातल्या कुणा एकाला बँकेनं परस्पर लवाद नेमल्याचं पत्र येतं. एका पक्षानं एकतर्फी नेमलेला लवाद सर्वोच्च न्यायालयानं 2019 पासून वारंवार नाकारला आहे, पण ही हरकत तुम्ही लेखी घेतली पाहिजे. गप्प बसलात तर एकतर्फी निवाडा होतो, आणि तो डिक्रीसारखा अमलात येतो. दुसरा, संक्षिप्त दाव्याचं, म्हणजे झटपट चालणाऱ्या पैशाच्या दाव्याचं, समन्स. त्यात हजर राहिल्याची नोंद करायला अवघे दहा दिवस असतात. गावच्या जुन्या पत्त्यावर आलेलं समन्स काकांनी फळीवर ठेवलं आणि दहा दिवस उलटले, असं सहज होतं. म्हणून जुन्या पत्त्यावरच्या माणसांना सांगून ठेवा, पोस्टमन आला की फोटो पाठवा.

पगार कार्डाच्याच बँकेत जमा होत असेल तर पहिल्या महिन्यातच दुसऱ्या बँकेत खातं उघडावं. करारातल्या कलमावर बोट ठेवून बँक त्या खात्यातली रक्कम अडवते किंवा वळती करते, आणि एक तारखेला एटीएममधून भाड्याचे पैसे निघत नाहीत. बाहेरची वसुली डिक्रीशिवाय पगाराला हात लावू शकत नाही. डिक्री झाली तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 नुसार पगारातले पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित राहतात. भविष्य निर्वाह निधीला हात लागत नाही.

तीन वर्षांची मुदत हाही अर्धवट ऐकला जाणारा विषय. शेवटच्या व्यवहारानंतर तीन वर्षांत दावा लावला नाही तर बँकेचा दावा मुदतबाह्य होतो, हे ढोबळमानानं खरं. पण मुदतीत भरलेला एखादा हप्ता किंवा सही करून दिलेली देण्याची कबुली ते तीन वर्षांचं घड्याळ पुन्हा शून्यावर आणते. ईमेलनं दिलेली कबुलीही न्यायालयांनी ग्राह्य धरली आहे. चालू थकबाकीत तडजोडीच्या पत्राला याची भीती बाळगू नये, कारण आपल्याला फेडायचंच आहे. पाच-सात वर्षांपूर्वीच्या जुन्या कार्डाबद्दल अचानक कुणी "नुसते पाचशे टाका, केस बंद करतो" म्हणालं, तर मात्र काहीही भरण्याआधी आणि लिहिण्याआधी वकिलाला कागद दाखवावेत.

आता सेटलमेंट, म्हणजे कमी रकमेत तडजोड. बँकेनं खातं 'राइट-ऑफ' केलं म्हणजे देणं माफ झालं असं नाही. तो बँकेच्या ताळेबंदातला भाग आहे, वसुली चालूच राहते, किंवा थकबाकी मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकली जाते. तसं झालं असेल तर विक्रीचं पत्र मागावं, नाहीतर चुकीच्या माणसाला पैसे जातात. पूर्ण रक्कम हप्त्यांनी भरणं शक्य असेल तर तेच करावं, कारण सिबिलला 'क्लोज्ड' आणि 'सेटल्ड' या दोन शब्दांत फार अंतर आहे. 'सेटल्ड' पाहून पुढची बँक गृहकर्जाला हात आखडते. पण ज्याला पूर्ण भरणं शक्यच नाही त्यानं त्या शब्दाच्या भीतीनं आणखी तीन वर्षं व्याज वाढवत बसू नये.

सेटलमेंटचं पत्र हातात आलं की ते ओळीओळीनं वाचा. लेटरहेड बँकेचं हवं. एजन्सीचं चालत नाही. ईमेल बँकेच्या अधिकृत पत्त्यावरून आलेला हवा. कार्डाचे शेवटचे चार आकडे, एकूण थकबाकी, तडजोडीची रक्कम, हप्ते किती आणि कोणत्या तारखेला, आणि ही रक्कम आल्यावर उरलेली सोडून देऊन खातं पूर्ण व अंतिम बंद करण्यात येईल, असं स्पष्ट वाक्य. हे शेवटचं वाक्य नसेल तर तुम्ही नुसता एक मोठा हप्ता भरलात एवढंच होतं. पैसे बँकेच्या ॲपमधून किंवा कार्डाच्या खात्यातच भरावेत. एजंटच्या स्वतःच्या यूपीआयवर एक रुपयाही नको, तो कितीही म्हणू दे की "सर, मी लगेच पोस्ट करतो." पैसे येण्याआधी पत्र मिळत नाही, असं फोनवर सांगतात. पत्राशिवाय पैसे देऊ नका. महिनाअखेर असेल तर पत्र दोन दिवसांत येतं. तीन हप्त्यांचं सेटलमेंट असेल तर तिसऱ्या हप्त्याचे पैसे हातात असल्याशिवाय पहिला भरू नये. एक हप्ता चुकला की सवलत रद्द होते आणि भरलेले पैसे जुन्या थकबाकीत जिरतात. आणि तुमच्या वतीनं बँकेशी बोलतो म्हणून महिन्याला फी घेणाऱ्या मध्यस्थांपासून लांब राहा. तीच फी हप्त्यात घातली तर देणं कमी होतं.

बँक ऐकत नसेल, त्रास थांबत नसेल, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. आधी बँकेला लेखी तक्रार, मग बँकेचाच तक्रारी पाहणारा नोडल अधिकारी. तीस दिवस उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या संकेतस्थळावर तक्रार करता येते. फी नाही, मदतीसाठी 14448. यात तक्रारी फेटाळल्या जातात त्या बऱ्याचदा तीन कारणांनी. आधी बँकेकडं तक्रारच केलेली नसते. वकिलामार्फत केलेली असते, जी इथं चालत नाही. किंवा मागणीच "माझं कर्ज माफ करा" अशी असते. लोकपाल कर्ज माफ करत नाही. "अमुक तारखेला रात्री 9.40 ला या नंबरवरून फोन, माझ्या बहिणीला या दिवशी हा संदेश, सोबत स्क्रीनशॉट" असं लिहिलं तर त्याला धरून बँकेला उत्तर द्यावं लागतं. त्यासाठी एक दोनशे पानी वही घ्या. तारीख, वेळ, नंबर, नाव, काय बोलला. कॉल रेकॉर्ड केले असतील तर ते ज्या फोनमध्ये आहेत तो फोन विकू नका.

हे सगळं एकट्यानं करायचं नसतं. नवऱ्यानं बायकोपासून, बायकोनं नवऱ्यापासून थकलेलं कार्ड लपवलेलं असतं आणि वसुलीवाला नेमकं त्याच लपवण्यावर जगतो. "घरी सांगू का?" या प्रश्नात मग फार मोठी ताकद येते. घरी आपणच आधी सांगितलं की तो प्रश्न मरतो. ऐकताना घर हादरतं, दोन दिवस अबोला होतो, तरी सांगाच. कर्ज ज्याच्या नावावर आहे त्याचंच असतं, आई-वडील, भाऊ, जामीन नसलेली बायको यांच्यावर ते येत नाही. माणूस गेला तरी वारसांवर जबाबदारी येते ती त्याच्याकडून मिळालेल्या मालमत्तेपुरतीच. पण या पैशांपायी कुणी जाण्याचा विचार करावा, हे कुठल्याही हिशोबात बसत नाही. रात्री असा विचार मनात आला तर 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा, मराठीत बोलता येतं, कोणत्याही वेळी. आणि घरात कुणाला तरी जागं करा. सकाळी वहीचं पुढचं पान आहेच.

पैसे भरून झाले की काम संपलं असं वाटतं, आणि तिथंच ढिलाई होते. बेबाकीचा दाखला, ज्याला बँका नो ड्यूज म्हणतात, तो मागून घ्यावा. कार्ड बंद करण्याचा अर्ज वेगळा द्यावा. थकबाकी नसताना सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केलं नाही तर बँकेला रोजचे पाचशे रुपये तुम्हाला द्यावे लागतात. तीस दिवसांत पतमाहिती कंपन्यांकडं नोंद सुधारली पाहिजे. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, चौघांचाही अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, चारही काढा, कारण एकीकडं दुरुस्त झालेली नोंद दुसरीकडं तशीच राहते. तक्रार करून तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाईचा नियम आहे.

स्टेटमेंटं, सेटलमेंटचं पत्र, भरल्याच्या पावत्या, बेबाकीचा दाखला, असं सगळं एका फायलीत लावून ती रेशनकार्डाशेजारी ठेवा. दोन-तीन वर्षांनी एखाद्या दुपारी अनोळखी नंबरवरून नवा आवाज विचारतो, "सर, तुमच्या कार्डाचे एक लाख ऐंशी हजार बाकी दिसतायत." जुनी यादी कुठल्या तरी नव्या एजन्सीच्या हाती गेलेली असते. तेव्हा आवाज न चढवता त्याचा ईमेल विचारायचा, फाइल काढायची, दाखल्याचा फोटो त्याला आणि बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला पाठवायचा, आणि वहीत त्या दिवसाची तारीख घालून एक ओळ लिहायची.